मोटेवरची चौथी ओळ

सोमलिंगच्या घरात एक थट्टा फार जुनी होती. घरी कानडी, बाजारात कानडी, मठात कानडी, पण हा माणूस मराठी बोलायला लागला की चर्चमधल्या पाळकासारखं बोलतो. त्याची बायको बसव्वा पाहुण्यांसमोर हमखास सांगायची, "आमच्या यजमानांचं मराठी बायबलातलं हाय." पाहुणे हसायचे आणि सोमलिंगही हसायचा, कारण त्यात खोटं काही नव्हतं. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. मराठी तो शिकला होता विहिरीवर, शेजारच्या शांतवनची गाणी ऐकत, चाळीस वर्षं.

१९७७ साली संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी शांतवन गेला, आणि त्या दिवसापासून सोमलिंगला ही थट्टा सोसेना.

गाव दुधनीच्या अलीकडचं, रेल्वेच्या रुळापासून कोसभर आत. शांतवनच्या आजानं बाप्तिस्मा घेतला होता. बाप सोलापुरात मिशनच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. पोटाला चिमटा काढून त्यानं गावात पाच एकर रान घेतलं, ते नेमकं सोमलिंगच्या बापाच्या बांधाला लागून. गावकुसाबाहेरचा माणूस बांधाला आला म्हणून सोमलिंगचा बाप महिनाभर कुरकुरला. पण पाणी दोघांनाही हवं होतं आणि एकट्यानं विहीर खोदायची ऐपत दोघांचीही नव्हती. मग बरोबर बांधावर सामायिकीत विहीर पडली. पूर्वेला शांतवनची मोट, पश्चिमेला सोमलिंगची. पिकाला पाणी चालतं, प्यायला चालत नाही, असा कायदा सोमलिंगच्या बापानं स्वतःच करून टाकला. तेव्हापासून सोमलिंग घरून तांब्याच्या कळशीत पाणी घेऊन रानात जायचा. पायाशी भरली विहीर आणि हा कळशीतलं कोमट पाणी पितोय, हे शांतवननं आयुष्यभर पाहिलं. कधी एका शब्दानं बोलला नाही.

वयानं शांतवन चार वर्षांनी मोठा. तरी तो सोमलिंगला "सोमलिंगअण्णा, तुमी" म्हणायचा आणि सोमलिंग त्याला "शांतवन, तू". हे असंच असतं, असं दोघांनाही वाटायचं. निदान सोमलिंगला तरी वाटायचं.

आता मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. विहिरीच्या काठापासून रानाकडे एक उतार खोदलेला असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली उतरतात तशी नाड्याला बांधलेली चामड्याची मोट भरून वर येते आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात पाणी ओतते. मग बैलांना पाठमोरं चालवत पुन्हा वर आणायचं. खाली जा, माघारी ये, दिवसभर हेच. दोन मोटांच्या विहिरीवर शहाणी माणसं असा मेळ घालतात की एकाचे बैल उतरत असले की दुसऱ्याचे माघारी येत असावेत. शांतवन आणि सोमलिंगचा मेळ इतका बसला होता की चाकांच्या कुईकुईवरून गावाला वेळ कळायची.

शांतवन गायचा तो या चालीवर. मिशनच्या शाळेत तो तिसरीपर्यंत गेला होता, तिथं गळा आणि प्रभूची गाणी दोन्ही मिळाली. पुढं तो स्वतःच गाणी रचू लागला. नाताळाला सोलापूरच्या मोठ्या चर्चमधून त्याला बोलावणं यायचं, अक्कलकोटपासून जेऊरपर्यंतच्या उपासनांना तो जाऊन यायचा. पण एक घोळ होता. उभं राहून त्याला गाता येत नसे आणि बसून तर मुळीच नाही. पहिली ओळ निघाली की पाय चालू लागत. वेदीच्या दिशेनं आठ पावलं पुढं, मग न वळता आठ पावलं मागं. बाकांवरची पोरं खुसुखुसु हसायची. एकदा सोलापुरात नव्यानं आलेल्या पाळकांनी उपदेशात सांगितलं, "या शेतकऱ्याकडं पाहा. गाताना प्रभूच्या वेदीला तो पाठ दाखवत नाही." सगळी मंडळी गहिवरली. पुढच्या वर्षी दोन म्हातारेही तसंच उलटं चालू लागले आणि त्यातला एक बाकाला अडखळून पडला.

शांतवननं परत आल्यावर हे सोमलिंगला सांगितलं. "आता काय सांगू, अण्णा. त्यास्नी वाटलं भक्ती. मी आपला बैलं माघारी घेतोय."

"मग सांगायचं की खरं."

"कसं सांगू? लई रडत हुती मंडळी."

सोमलिंग त्या दिवशी हसून हसून धावेवर बसला.

चर्चमधली गाणी वहीत उतरवलेली होती. पण एक गाणं वहीत नव्हतं. ते फक्त मोटेचं. त्यात 'प्रभू' हा शब्द एकदाही येत नसे, बैलांचीच नावं जास्त, म्हणून शांतवन ते चर्चमध्ये म्हणत नसे. चौदा कडवी होती. त्यातलं पहिलं असं:

चल रं हौश्या, चल रं पाखऱ्या, उताराची वाट हाय
पानी सारं त्याचंच हाय रं, आपला निस्ता नाडा हाय
माघारी ये, दमानं ये, रिकामी ही मोट हाय

आणि चौथ्या ओळीच्या जागी नुसता हुंकार. निदान सोमलिंगला तो तसा ऐकू यायचा. तेव्हा शांतवन वर काठाशी पोचलेला असायचा, सोमलिंग आपल्या धावेच्या तळाशी, आणि मधे त्याचीच मोट थारोळ्यात धबाधबा ओतत असायची. सोमलिंग धरून चालला होता की तिथं गडी दम खातो. प्रत्येक कडव्यात तीन ओळी आणि एक दम. आपल्याला सगळं गाणं येतं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गाणं त्याला येतं हे शांतवनला कळलं तेही मजेशीरच. एका नाताळाला शांतवन सोलापूरला गेला आणि इकडं सोमलिंगचे बैल धावेवर अडून बसले. चुचकारलं, शिव्या दिल्या, दोनचार आसूडही ओढले, पण अर्ध्या उतारावर दोघं ढिम्म. त्यांना गाण्याशिवाय चालायची सवयच नव्हती. गव्हाचं पाणी चुकत होतं. शेवटी सोमलिंगनं इकडंतिकडं पाहिलं, आसपास आपल्यातलं कुणी नाही याची खात्री केली आणि घसा खाकरून शांतवनचं गाणं सुरू केलं. बैल निघाले. सहा कडवी झाली, सातव्याला त्यानं वर पाहिलं तर विहिरीच्या काठावर डोक्याला मफलर गुंडाळून, हातात पिशवी घेऊन शांतवन उभा. सकाळच्या गाडीनंच परत आला होता.

"म्हणा की, अण्णा. थांबलासा का?"

"बैलं चालंनात म्हणून. उगं गावात सांगत बसू नगंस."

"न्हाई सांगत. पर चौथ्याला निस्तं हुं हुं करता व्हय?"

"मग काय करायचं असतंय?"

शांतवन त्याच्याकडं बघत राहिला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "बरूबर हाय. तसंच म्हणा." आणि घरी गेला. तेव्हा सोमलिंगला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीत तासाभराच्या मोटेइतकंच पाणी उरलं. तेवढं पाणी दोघांनी एक दिवसाआड घ्यायचं ठरलं. सोमलिंगनं दोन वर्षांपूर्वी कर्नाटकातून आणून लिंबाची साठ रोपं लावली होती आणि ती माना टाकू लागली होती. शांतवन आपल्या पाळीच्या दिवशी आला, बैल जुंपले, गाणं सुरू केलं, आणि थारोळ्यातलं पाणी मधली माती उकरून सोमलिंगच्या पाटात सोडून दिलं.

"आरं, तुझी पाळी हाय की आज," सोमलिंग म्हणाला.

"माझं रान पडीक हाय यंदा. बैलांच्या पायाची सवय मोडाय नगं, एवढंच."

असं त्यानं पावसाळा येईपर्यंत केलं. साठातली एकावन्न रोपं जगली. सोमलिंग घरी बसव्वाला म्हणाला, "साधा माणूस हाय. येडाच म्हण की." बसव्वा म्हणाली, साधा आणि येडा यात तुम्हाला फरक दिसत नाही का. सोमलिंगनं ते कानाआड केलं. पहिलं लिंबाचं पीक आलं तेव्हा पाटीभर लिंबं शांतवनच्या घरी पाठवावीत असं त्याच्या मनात आलं होतं. आज पाठवू, उद्या पाठवू करता करता तोडा संपला.

चौऱ्याहत्तर साली गावात वीज आली आणि सोमलिंगनं विहिरीवर मोटर बसवली. मोटरनं पाणी इतकं खाली गेलं की शांतवनची मोट तळाला घासून चिखल आणू लागली. सोमलिंग काही दुष्ट नव्हता. त्यानं आपणहून सांगितलं, "तीन दिस मोटर तुला, चार दिस मला. बैलं कशाला पोसतोस?" शांतवननं मान डोलावली. हौश्या-पाखऱ्याची तिसरी जोडी होती ती, दुधनीच्या बाजारात विकली. मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली. गाणं बंद झालं.

आणि हे बंद झालंय हे सोमलिंगच्या आठ दिवस लक्षातच आलं नाही. मोटरच्या आवाजात काय कळणार! नवव्या दिवशी वीज गेली. मोटर थांबली आणि रानात एकदम सामसूम झाली, तेव्हा त्याला जाणवलं की काहीतरी नाही. पुढंही शांतवन चर्चमध्ये जुनी गाणी म्हणत राहिला, पण नवं एकही रचलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "पाय चालंनात." लोकांना वाटायचं, गुडघे दुखतात.

शहात्तरच्या दिवाळीत त्यानं अंथरूण धरलं. सोमलिंग चौकशीला गेला. इतक्या वर्षांत तो त्याच्या अंगणात पहिल्यांदाच बसला. शांतवनची बायको गोजाबाई आतून बाहेर आली, पाण्याचा तांब्या आणावा की नाही या विचारात दारात थबकली आणि तशीच परत आत गेली. सोमलिंगनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"अण्णा, एक मागणं हाय," शांतवन खाटेवरून म्हणाला. "मला माती देताना मोटेचं गाणं तुमी म्हणा."

"मी? अरे, तुमचे पाळक हायत, वहीतली गाणी हायत..."

"मोटेचं वहीत न्हाई. आन् माझ्या पोराला येत न्हाई, त्यो शहरात वाढला. पुरं गाणं तुमालाच ठावं."

"बघू की. आदी तू मर तर खरं!"

शांतवन मनापासून हसला. खोकला येईपर्यंत हसला. "पर म्हणा हं," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून पायजे."

मातीच्या दिवशी गाव जमलं. सोलापूरहून पाळक आले, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर असलेला शांतवनचा मुलगा आला. सोमलिंगही गेला. बरोबर त्याचा व्याही चनबसप्पा होता, गावातला भुसार व्यापारी आणि मठाचा मोठा कारभारी. माती देणं सोमलिंगला परकं नव्हतं, त्यांच्यातही मातीच देतात. पण हे दोघं दफनभूमीच्या दगडी गडग्याबाहेर उभे राहिले. चनबसप्पा तिथं थांबला म्हणून सोमलिंगही थांबला.

वहीतलं गाणं झालं, प्रार्थना झाली. मग पाळकांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचं आहे का?" गोजाबाईनं मान वर केली आणि माणसांच्या डोक्यांवरून, गडग्यावरून सरळ सोमलिंगकडं पाहिलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. सोमलिंगच्या ओठांवर पहिली ओळ आलीही होती. गडगा गुडघ्याएवढा. एक पाय उचलायचा होता.

"नडी," चनबसप्पा कानडीत म्हणाला, चल म्हणून. "उशीर होतोय."

सोमलिंगनं घसा खाकरला. तेवढाच आवाज निघाला त्याच्या तोंडून. मग मातीच्या पाट्या पडू लागल्या आणि गोजाबाईनं मान खाली घातली.

त्यानंतरचे दोन महिने त्यानं स्वतःला नाना कारणं सांगून पाहिली. घसा बसला होता. व्याह्यासमोर बरं दिसलं नसतं, मुलगी नांदतेय त्यांच्या घरात. पाळकांनी नाव घेऊन थोडंच बोलावलं होतं. एकही कारण रात्र टिकत नसे. सत्तरीचा माणूस, आता कुणाला भ्यायचं, असा प्रश्न तो स्वतःलाच विचारायचा आणि लाजेनं त्याचा जीव अर्धा व्हायचा. बसव्वा बायबलातल्या मराठीची थट्टा करायला गेली की तो उठून बाहेर जायचा.

ज्वारीची खळी झाली तेव्हा गोजाबाई विहिरीवर आली. मुलगा तिला सोलापूरला नेणार होता. रान सध्या पडीकच राहणार, पुढचं पुढं. ती निरोप घ्यायला आली होती.

"गोजाबाई, माझं चुकलं," सोमलिंग म्हणाला. इतकं सरळ तो आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता. "त्या दिशी म्हणायला पायजे हुतं. मी भ्यालो."

तिनं हातातलं गाठोडं थारोळ्यावर ठेवलं.

"आता म्हटलं तर चालंल का? तुमी चला बरूबर. तितं जाऊन म्हणतो."

भर सकाळी, गावाच्या मधल्या रस्त्यानं, चनबसप्पाच्या दुकानावरून दोघं गेले. सोमलिंगनं गडगा ओलांडला. मातीचा ढीग अजून बसला नव्हता, लाकडी क्रूस थोडा कलला होता. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि सुरुवात केली. आवाज कापत होता. पाय मात्र आपोआप निघाले, आठ पावलं पुढं, आठ मागं. तीन ओळी झाल्या, चौथ्याला त्यानं हुंकार दिला, दुसरं कडवं घेतलं. तीन ओळी आणि हुंकार. पाचव्या कडव्याला गोजाबाईनं हात वर केला.

"अण्णा, थांबा. चौथी वळ का सोडताय?"

"चौथी? चौथी कुटं हाय? तितं तो दम खायाचा की."

"दम कशाचा? आवं, समद्या कडव्यांत चौथी वळ येकच हाय. मी रानात पाटाचं पानी फिरवत दारं धरायची, मला रोज ऐकू यायची. तुमाला न्हाई ठावं?"

"माझी मोट वतायची तवा. पाण्याच्या आवाजात..."

गोजाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि चालीत नाही, साधंच बोलून सांगितलं:

"बांधापल्याड आदी दे, देवा, मग माझं श्यात हाय."

सोमलिंगला आधी नुसते शब्द ऐकू आले. अर्थ मागाहून पोचला, आणि पोचला तेव्हा तो तिथंच मातीत खाली बसला.

चाळीस वर्षं. चौदा कडवी, दिवसातून कितीतरी वेळा. त्याच्याच पाण्याच्या आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्याच्यासाठी मागणं चाललं होतं, आणि तो खाली उभा राहून समजत होता की गडी दम खातोय. दुष्काळात पाटाची माती उकरली तेव्हाही त्याला कळलं नाही. त्या नाताळाला काठावर शांतवन थांबला होता, सांगू की नको करत होता, तेव्हा एकदा जरी विचारलं असतं, "अरे, चौथी ओळ काय?" चाळीस वर्षांत एकदा.

"तुमाला येतीया असंच मला वाटलं," गोजाबाई म्हणाली. "म्हणूनच तुमच्या तोंडून पायजे म्हणत असत्याल, असं वाटलं. तुमी म्हटली तर बांधापल्याड म्हंजी ह्येच की, ह्यांचं रान."

मग तिनं कलता क्रूस सरळ केला, बुडाशी दोन दगड ठोकून बसवले आणि निघाली. साडेअकराची गाडी होती.

त्या उन्हाळ्यात गावानं सोमलिंगला वेड लागलं असं ठरवलं. चनबसप्पानं तसं मठात उघड म्हणूनही दाखवलं. सोमलिंग सकाळी विहिरीवर जायचा, मोटर सुरू करायचा आणि आपल्या लिंबांना पाणी देण्याआधी पूर्वेकडच्या पाटाचं दार फोडायचा. शांतवनच्या पडीक रानाला पाणी. कुणी नाही, पीक नाही, बी नाही. मग तो शांतवनच्या ढासळलेल्या धावेवर चढून काठाशी उभा राहायचा आणि त्याचे ओठ हलायचे. मोटरच्या घरघरीत काही ऐकू येत नसे. बसव्वानं एकदा जवळ जाऊन विचारलं, काय पुटपुटता? तो काही नाही म्हणाला, आणि विहिरीतलंच ओंजळभर पाणी पिऊन घरची कळशी तशीच भरलेली परत घेऊन गेला.

शांतवनच्या रानात त्या साली नुसतं गवत आलं. पण मे महिन्यात, आसपासची रानं भेगाळलेली असताना, ते गुडघाभर उंच आलं.